ओंजळभर पाणी

रावेरच्या माणसाला पाण्याचा हिशेब शिकवावा लागत नाही. ठिबकच्या नळीतून तासाला किती पाणी पडतं, शेजाऱ्याची बोअर किती फुटांवर गेली, सुकीचं धरण यंदा किती भरलं, हे त्याला पोराच्या बारावीच्या मार्कांपेक्षा पक्कं पाठ असतं. अशा हिशेबी माणसापुढे एक कोडं ठेवतो.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत एका कवीचा बाप्तिस्मा झाला. ज्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत तो गेला, तिथली रीत डोक्यावर थोडं पाणी घालण्याची. म्हणजे पाणी किती? ओंजळभर धरा. केळीच्या एका खोडाची तहानही त्यात भागायची नाही. पण तेवढ्या पाण्यानं एक संसार दुभंगला. बायको मुलाला घेऊन काही वर्षं वेगळी राहिली आणि नातेवाइकांच्या लेखी एक धडधाकट, तेहतीस वर्षांचा माणूस असून नसल्यासारखा झाला. त्या माणसाचं नाव नारायण वामन टिळक.

ओंजळभर पाण्यात एवढी ताकद कुठून आली?

आधी शब्दच बघू. ‘बाप्तिस्मा’ हा मूळचा ग्रीक शब्द. त्याच्या मुळाशी ‘बाप्तो’ हे क्रियापद आहे आणि त्याचे अर्थ दोन, बुडवणं आणि रंगवणं. दोन का? रंगाऱ्याला विचारा. कापड रंगवायचं तर ते रंगात बुडवावंच लागतं! वरून ब्रश मारून लुगडं रंगत नाही. १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादी इथं मातीच्या रांजणात जुनी हस्तलिखितं सापडली. त्यांत फिलिपच्या नावावरचं एक पुस्तक होतं. चर्चनं ते अधिकृत मानलं नाही, पण त्यात चक्क देवाला रंगारी म्हटलंय. रंग कापडात मुरतो आणि कापड टिकेल तोवर टिकतो, तसा हा रंगारी माणसाला पाण्यात बुडवून रंगवतो. ‘रंगी रंगणं’ हा ज्यांच्या अभंगांचा श्वास आहे, त्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागेल का?

गंमत म्हणजे इतका सोपा शब्द भाषांतर करायला मात्र महाकठीण निघाला. गेल्याच्या गेल्या शतकात कोलकात्याच्या बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी बंगाली बायबलमध्ये या जागी सरळ ‘बुडवणं’ असा अर्थ देणारा शब्द घातला. झालं! लंडनची बायबल सोसायटी बिथरली. कारण अनेक पंथ बुडवत नव्हते, नुसतं शिंपडत होते. ‘बुडवणं’ छापलं तर त्यांचे बाप्तिस्मे कच्चे ठरायचे. सोसायटीनं छपाईला पैसे नाकारले आणि बॅप्टिस्टांनी १८४० साली आपली वेगळी संस्था काढली. एका क्रियापदापायी! मराठी प्रॉटेस्टंटांनी ग्रीक शब्दच मराठी वळणानं लिहून भांडण टाळलं. वसईकडचे कॅथलिक ‘स्नानसंस्कार’ असाही सुरेख शब्द वापरतात.

मग खरी रीत कोणती, बुडवण्याची की शिंपडण्याची? याचं एक फार जुनं उत्तर १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलच्या एका ग्रंथालयात सापडलं. ‘डिडाखे’ नावाची ती छोटीशी पुस्तिका ख्रिस्ती मंडळ्यांच्या अगदी सुरुवातीच्या पिढ्यांमधली आहे. तिच्यात पाण्याची यादीच दिलीय. शक्यतो जिवंत पाणी घ्या. ते नसेल तर दुसरं चालेल. थंड नसेल तर गरम. तेही पुरेसं नसेल, तर डोक्यावर तीनदा ओता.

‘जिवंत पाणी’ या शब्दावर एखादा इंग्रज वाचक अडखळेल. त्याला तळटीप लागेल की म्हणजे वाहतं पाणी. आपल्याला कशाला? विहीर खोदताना खडकातून धार फुटली की आपण काय ओरडतो? जिवंत झरा लागला! दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक पुस्तिकेतला शब्द आणि यावल-रावेरच्या विहिरीवरचा शब्द एकच. दोघांनाही ठाऊक होतं की साठलेल्या पाण्यात आणि फुटणाऱ्या पाण्यात मेलेल्या आणि जित्या माणसाइतका फरक असतो.

पण इथवरचा माझा सगळा हिशेब धुण्याचा आहे. पाणी मळ धुतं, संस्कार पाप धुतो. यात नवल काय? तापीकाठच्या कोणत्याही आजीला हे माहीत आहे. खरं नवल पुढे आहे. बाप्तिस्म्याचं पाणी नुसतं धुण्यासाठी नाही, असं ख्रिस्ताचा प्रेषित पौल सुचवतो. रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात त्यानं थेट सांगितलंय की या पाण्यात माणूस मरतो. ख्रिस्ताबरोबर पुरला जातो आणि त्याच्याबरोबर उठतो. पाण्याखाली गेलास तो गेलास. वर आला तो दुसराच कुणी.

सुरुवातीच्या मंडळ्यांनी हे अक्षरशः घेतलं होतं. चौथ्या शतकात जेरुसलेममध्ये सिरिल नावाचा बिशप होता. त्याच्या नावावरच्या प्रवचनांतून तिथला सोहळा डोळ्यांसमोर उभा राहतो. उमेदवार आधी पश्चिमेकडे, मावळतीकडे तोंड करून उभा राहायचा आणि सैतानाला हात दाखवून नाकारायचा. मग गर्रकन पूर्वेकडे वळायचा. अंगावरचे कपडे उतरवायचे, तेल लावायचं आणि पाण्यात तीन बुड्या, कबरीतल्या तीन दिवसांच्या. तेच पाणी तुमची कबर आणि तेच तुमची आई, अशा अर्थाचं सिरिल सांगतो.

कबर आणि आई एकच? ऐकायला विचित्र वाटतं ना? मग रावेरच्या कुठल्याही बागेत शिरा.

केळीचं खोड आयुष्यात एकदाच घड देतं. घड उतरला की त्या खोडाचं काम संपलं. ते पुन्हा कधीच निसवत नाही. पण बुंध्याशी, त्याच जमिनीखालच्या कंदातून, पील आलेलं असतं. जाणता शेतकरी घड कापल्यावर जुनं खोड लगेच मुळापासून उडवत नाही, काही दिवस उभं ठेवतो. का? कारण मरतं खोड आपल्यातला रस खाली उतरवतं आणि पिलाला पोसतं. उद्याची पिलबाग कालच्या खोडांच्या मरणावर उभी असते. पौल तंबू शिवणारा शहरी माणूस, त्यानं केळ पाहिली असण्याची शक्यता नाही. पाहिली असती तर त्याचं ते पत्र बरंच आटोपशीर झालं असतं, असं मला उगाचच वाटतं.

आणि म्हणूनच बाप्तिस्मा एकदाच. आपल्याकडे स्नान पुन्हा पुन्हा करायचं असतं, पर्वणीला, ग्रहणाला, रोज पहाटे. मळ पुन्हा बसतो, म्हणून पुन्हा धुवा, सरळ हिशेब. पण मरणाची पुनरावृत्ती कशी करणार? एका खोडाला दोनदा घड येत नाही.

आता जरा दम घ्या, कारण यापुढचं वाचून मी स्वतः खुर्चीत ताठ बसलो होतो.

‘घटस्फोट’ हा शब्द आपण रोज वापरतो. नवरा-बायको कोर्टात गेले, घटस्फोट झाला. पण यात घट कुठून आला? फोडलं कुणी काय? मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात उत्तर आहे. कुणी पतित झाला, जातीबाहेर गेला, की त्याच्या नातेवाइकांनी गावाबाहेर जमायचं आणि तो जिवंत असतानाच, मेलेल्याला देतात तसं त्याच्या नावानं पाणी द्यायचं. दासीनं पाण्यानं भरलेला घडा पायानं लवंडायचा. मग सगळ्यांनी सुतक पाळायचं. त्याच्याशी बोलणं बंद, एका जागी बसणं बंद, वाटणी बंद. हा घटस्फोट! नवरा-बायकोकडे हा शब्द फार पुढे आला.

म्हणजे बघा. एका बाजूला पौल म्हणतो, या पाण्यात तू मेलास. दुसऱ्या बाजूला धर्मशास्त्र पाण्याचा घडा लवंडून म्हणतं, तू आम्हाला मेलास. दोघांच्या गावीही एकमेकांचं नाव नाही, भाषा वेगळ्या, देव वेगळे आणि माणसाच्या मरणाची नोंद दोघंही पाण्यानंच करतात.

अजून संपलं नाही. पतितानं प्रायश्चित्त केलं तर? मनुस्मृती म्हणते, मग नातेवाइकांनी त्याच्यासह पवित्र जलाशयात उतरून स्नान करायचं आणि पाण्यानं भरलेला नवा घडा त्यात सोडायचा. पाण्यात उतरला, बाहेर आला, पुन्हा जिवंत झाला! याला काय म्हणाल?

टिळकांसारख्यांसाठी कुणी असा घडा लवंडला का, हा माझा मुद्दा नाही. कृती झाली न झाली तरी समाजाच्या मनात तो घडा लवंडलेला असायचाच. वारसाहक्कसुद्धा जाई. १८५० साली कंपनी सरकारनं एकविसावा कायदा करून ठरवलं, की धर्म बदलला किंवा जात गेली म्हणून कुणाचा वारसा बुडणार नाही. कायद्याच्या रुक्ष भाषेत त्याचा अर्थ एवढाच होता, की ज्याच्या नावानं पाणी सोडलंत तो माणूस अजून जिवंत आहे.

पण एक खोच आहे. आपल्या समाजाला बाप्तिस्म्याच्या पाण्याची तितकीशी भीती कधी नव्हतीच. भीती होती ती प्यायच्या पाण्याची.

१८४३ सालचं मुंबईतलं श्रीपत शेषाद्रीचं प्रकरण घ्या. थोरला भाऊ नारायण शेषाद्री याचा बाप्तिस्मा झाला. धाकटा श्रीपत अल्पवयीन. तो मिशनऱ्यांकडे राहिला होता. बापानं कोर्टात धाव घेतली, कोर्टानं पोर परत दिलं. श्रीपतचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. मग घरी घ्यायला हरकत काय? हरकत होती, कारण तो मिशनऱ्यांच्या घरी जेवला होता, पाणी प्यायला होता. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर मुलाला शुद्ध करून परत घ्यावं म्हणून उभे राहिले आणि त्यांच्यावरच बहिष्काराची वेळ आली. पोराच्या डोक्यावर थेंब पडला नव्हता. घशाखाली घोट गेला होता, तेवढ्यावर शहर पेटलं.

किंवा १८९०चं पुण्याचं पंचहौद मिशनचं चहाप्रकरण. नावातच पाच हौद! तिथं व्याख्यानाच्या निमित्तानं न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक असे बडे लोक गेले, समोर चहा-बिस्किटं आली. कुणी प्यायला, कुणी नुसता पेला हातात घेतला. गोपाळराव जोशी या वल्लीनं हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य उभं राहिलं, शंकराचार्यांपर्यंत वाद गेला. चहा म्हणजे काय हो? उकळलेलं पाणीच की! रावेरवरून जी मुंबई-कोलकाता गाडी १८७० पासून धावते, तसल्या गाड्यांच्या स्टेशनांवर इंग्रजी अमलात ‘हिंदू पाणी’, ‘मुसलमान पाणी’ असे वेगवेगळे पुकारे व्हायचे. एकाच विहिरीचं पाणी डोलानुसार धर्म बदलायचं.

हे ध्यानात ठेवून सिरियातल्या दुरा-युरोपोस या उजाड गावात चला. इ. स. २५६ मध्ये हे शहर पडलं आणि वाळूखाली गेलं. १९३०च्या दशकात तिथं एक घर खणून काढण्यात आलं. त्यातल्या एका लहान खोलीत बाप्तिस्म्याचा हौद होता, वर निळं छत, छतावर तारे. जगातल्या सर्वांत जुन्या ज्ञात ख्रिस्ती जागांपैकी ही एक. भिंतीवर चित्रं आहेत. एका चित्रात बायका मशाली घेऊन निघाल्यात; समोरचा आकार कबर आहे की लग्नाचा मांडव, यावर अभ्यासक अजून भांडतात. आणखी एका चित्रात एक बाई विहिरीतून पाणी शेंदतेय. पुष्कळ अभ्यासक तिला योहानाच्या शुभवर्तमानातली शमरोनी स्त्री मानतात. यहुदी लोक शमरोन्यांच्या भांड्याला शिवत नसत. आणि त्या भर दुपारी येशू विहिरीच्या काठावर बसून तिला म्हणतो, मला प्यायला दे. ती चकित होते. तुम्ही? माझ्या हातचं? त्याच गप्पांत तो तिला जिवंत पाण्याविषयी सांगतो.

महाराष्ट्रात ही गोष्ट सांगताना टीकाकाराची गरज कधी पडली नसणार.

म्हणून मला लक्ष्मीबाई टिळकांचं नवल जास्त वाटतं. नवऱ्याचा बदल आगगाडीत सुरू झाला होता. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यातल्या एका गोऱ्या प्रवाशानं त्याला नवा करार दिला आणि दोन वर्षांत तू ख्रिस्ती होशील, असं भाकीत केलं. ते खरंही ठरलं. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत असं काही नाही. त्या नवऱ्याकडे परतल्या, त्या आपलं सोवळं बरोबर घेऊन. वेगळी चूल, वेगळं पाणी. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी हे सगळं स्वतःवर हसत सांगितलंय. आणि मग एके दिवशी, कुणी प्रवचन न देता, विचार करता करता त्यांच्या मनातली जात गळून पडली. देवानं माणसं केली, जाती माणसांनी केल्या, तर मग कुणाच्याही हातचं खायला-प्यायला हरकत काय? ठरलं. बाप्तिस्मा झाला त्यानंतर, १९०० साली. आता सांगा, लक्ष्मीबाई ‘मेल्या’ आणि ‘उठल्या’ त्या कोणत्या पाण्यात? डोक्यावर पडलेल्या, की आधीच पोटात गेलेल्या?

पंडिता रमाबाईंचा काटा उलटा फिरला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथं, लेक मनोरमासह त्यांचा बाप्तिस्मा झाला. (ज्या वर्षी ‘डिडाखे’ पहिल्यांदा छापून आली, तेच हे वर्ष.) जोगिणी, प्रार्थना, सगळं यथासांग. आणि पुढे १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या काय कबूल करतात? की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो आतला बदल घडला आठेक वर्षांनी, १८९१च्या सुमारास. मधल्या काळात वाँटेजच्या जोगिणींशी त्या सिद्धांतांवर पत्रांतून कडाकडा भांडत होत्या आणि शाकाहारही सोडला नव्हता. पाणी आधी पडलं, बी उगवलं आठ वर्षांनी. खानदेशी शेतकरी एवढी वाट पाहील का?

मग संस्कार आणि बदल यांचं लग्न लावायचं तरी कसं? अर्भकाला बाप्तिस्मा देणारे म्हणतात, कृपा आधी येते, समज मागून. प्रौढालाच देणारे म्हणतात, आधी विश्वास, मग पाणी. यावर युरोपात माणसं नदीत बुडवून मारली गेली आहेत. आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा त्यांनी दोन्ही रीती एकाच घरात ठेवल्या. बाळाला हवं त्यानं बाळाला द्यावं, मोठेपणी हवं त्यानं मोठेपणी. चारशे वर्षांच्या भांडणावर नागपुरी तोडगा!

तापी आणि पूर्णा जिथं मिळतात ते चांगदेव रावेरहून फार लांब नाही. चौदाशे वर्षांचा योगी, वाघावर बसून आलेला, ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसला आणि मायना सुचेना म्हणून कोराच कागद धाडला, ही कथा आपण लहानपणीच ऐकलेली असते. मुक्ताईनं तो कागद पाहून म्हटलं, एवढी वर्षं जगून हा कोराच राहिला. ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचं उत्तर दिलं. आणि पुढे तोच म्हातारा त्या चिमुरड्या मुक्ताईचा शिष्य झाला, तिचं लेकरू म्हणवून घेऊ लागला. योहानाच्या शुभवर्तमानात निकदेम नावाचा एक वयस्कर पंडित रात्री लपून येशूकडे येतो. नव्यानं जन्मल्याशिवाय गत्यंतर नाही, हे ऐकून तो गोंधळतो आणि विचारतो, म्हाताऱ्या माणसानं पुन्हा आईच्या पोटात शिरायचं की काय? निकदेमला हे कोडं रात्रभर सुटलं नाही. आपल्या संगमावरच्या चांगदेवानं ते मुक्ताईला आई म्हणून सोडवून टाकलं होतं.

नारायण वामन टिळकांना हे नातं पक्कं दिसत होतं. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांपाशी आलो, असं ते सांगत. नावही त्यांनी बदललं नाही. ख्रिस्ताची भजनं रचणारा हा माणूस शेवटपर्यंत ‘नारायण’च राहिला. आणि १९१७ साली, बाप्तिस्म्याला बावीस वर्षं झाल्यावर, त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात कुणाला यायची मुभा? ख्रिस्ताच्या शिष्यांना, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्याही! ज्या ओंजळभर पाण्यासाठी घर, बायको, मूल दूर गेलं, त्याच पाण्याची अट दारावरून काढून टाकणारा माणूस. मिशनमधल्या कित्येकांना हे झेपलं नाही. आपल्याकडे तर पूर्वापार म्हणतात, गंगा स्नानानं तारते, नर्मदा दर्शनानं आणि तापी नुसत्या स्मरणानं.

त्यांच्या घरात अशी दरबारी माणसं आधीपासूनच होती. धरणगावचा एक त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा मुलगा; १९०७च्या जळगावच्या कविसंमेलनात कविता म्हणून ‘बालकवी’ ठरलेला. तो अहमदनगरला टिळकांच्या घरी जाऊन राहिला, लक्ष्मीबाईंच्या मायेत वाढला. बाप्तिस्मा त्यानं घेतला नाही, आणि घ्यावा म्हणून त्या घराचं दार त्याला कधी बंद झालं नाही. ५ मे १९१८ रोजी जळगाव-भुसावळ मार्गावर भादलीजवळ रेल्वेखाली तो गेला, तेव्हा टिळकांच्या त्या ख्रिस्ती घरात घरचंच माणूस गेल्यासारखं सुतक उतरलं.